ग्राइंडर ठेव बाजूला

माझा मावसभाऊ नागपूरच्या बेसा भागात ठेकेदारी करतो. एका घरमालकानं त्याचे १ लाख ८० हजार अडकवलेत, प्लास्टरला भेगा आहेत म्हणून. परवा रात्री भावानं मला ‘ठेकेदार बंधूंनो, वसुलीचे ५ रामबाण उपाय’ हा फिरता मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा, ग्राइंडर आणून ठेवलाय.”

ग्राइंडर तिसऱ्या उपायासाठी: ‘पैसे मिळेपर्यंत घरावर तुमचा लीन असतो. कुलूप ठोका, नाहीतर आपली ग्रिल, मोटर काढून आणा.’ काय राजेहो! लीन म्हणजे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवून धरायचा हक्क, आणि घरावरचा लीन हे अमेरिकेतून उचललंय. तिथं ठेकेदाराला थकलेल्या पैशापोटी घरावर बोजा चढवता येतो, पण तोही कागदावर; ग्राइंडर घेऊन नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम १७० आहे खरं, कारागिराला वस्तू अडवून धरता येते. पण त्यातली उदाहरणं बघा: जवाहिऱ्याकडे दिलेला हिरा, शिंप्याकडे दिलेलं कापड. आपल्या ताब्यात सोपवलेली वस्तू. घर कोणी ठेकेदाराच्या कपाटात ठेवत नाही. भिंतीत बसवलेली ग्रिल घराचीच झाली. ती कापायला गेलास की चोरीची आणि घुसखोरीची तक्रार तुझ्यावर, आणि काल पैसे बुडवणारा आज फिर्यादी.

‘४२० लावा, पोलीस पैसे काढून देतात.’ १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ झालंय, आणि फसवणूक म्हणायला सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू लागतो. पायापासून स्लॅबपर्यंत वेळेवर हप्ते देणाऱ्याचा तो कसा दाखवणार? चेक बाउन्सबद्दल मात्र मेसेज बरोबर सांगतो, तेवढं कबूल: बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला १५ दिवस, मग महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. पण भावाकडे चेकच नाही.

‘ग्राहक मंचात जा.’ तिथं ग्राहक घरमालक असतो, बापा. तोच तुला ओढेल.

‘लेखी करार नसेल तर कोर्टाचं नाव काढू नका.’ भाऊ याच ओळीला घाबरला. तोंडी करारही करारच असतो, फक्त सिद्ध करावा लागतो. आणि करारच टिकत नसला तरी त्याच करार कायद्याचं कलम ७० आहे: फुकट म्हणून न केलेल्या कामाचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. बी. के. मोंडल अँड सन्स या ठेकेदार फर्मनं बंगाल सरकारसाठी गोदामं, स्वयंपाकघर बांधलं. रीतसर करार नव्हता. १९६२ च्या निकालपत्रांत छापलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठेकेदाराच्या बाजूनं आहे. सरकारला द्यावे लागले, तर हा कोण? पण मोजमाप, मटेरियलची बिलं, मालकाचे ‘एक्स्ट्रा खिडकी करून टाका’ असले मेसेज जपून ठेव.

‘दावा कधीही करता येतो.’ नाही. पैशाची तारीख ठरली नसेल, तर काम झाल्यापासून ३ वर्षं. “देतो ना भाऊ, दिवाळीनंतर” या तोंडी शब्दानं मुदत वाढत नाही.

भावाचं काम मागच्या वर्षी संपलंय, म्हणजे वेळ आहे. सोमवारी आम्ही सिव्हिल लाइन्सला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व, म्हणजे दावा लावायच्या आधीच तडजोडीसाठीचा, अर्ज द्यायला जातोय. लोकअदालतीत तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की. मालक आलाच नाही तर वकिलाची नोटीस आणि दावा. भेगा मात्र त्याआधी बुजवून ये, असं मी भावाला सांगितलंय. त्या खरंच आहेत.