पंचाहत्तर मिलिमीटरचा टवाळखोर

छोटे पुतळे रंगवण्याच्या छंदात चिलखतातला सरदार रंगवणं अवघड असतं, असा एक गैरसमज आहे. चिलखताला काय, चंदेरी रंग फासायचा, वरून काळपट पातळ पाणी सोडायचं. ते आपोआप खोबणींत उतरतं आणि सरदार लढाईला तयार. ड्रॅगन तर त्याहून सोपा. त्याला प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नसल्यामुळे तक्रार घेऊन कोणी येत नाही. पण स्केटबोर्डवर उभा असलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो ढगळ टी-शर्ट, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, मागे सरकवलेली टोपी आणि ‘बरं, मग?’ असं विचारणारा चेहरा. इथे केसभर इकडचं तिकडे झालं, की शेंबडं पोरही बोट दाखवतं.

माझा मुलगा रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा. उंची 75 मिलिमीटर, म्हणजे साधारण 1:24 प्रमाणातला. खोक्यातून निघाला तेव्हा त्याचं डोकं एका पिशवीत, हात दुसऱ्या पिशवीत आणि बोर्ड तिसरीत होता. आधी त्याला साबणाच्या पाण्याने आंघोळ. साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेला तेलकट पदार्थ अंगावर राहिला, तर पुढे रंगाचे पापुद्रे निघतात. म्हणून जुन्या टूथब्रशने त्याला कानामागेसुद्धा घासला. या वयाच्या मुलाला विनातक्रार आंघोळ घालता येणं, हे या छंदातलं पहिलं आणि शेवटचं सुख.

मग साच्याची शिवण. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ उठते, आणि ती नेमकी गालावरून कानापर्यंत जाते. कानस, पॉलिश पेपर, पाणी, तोंडाला मास्क, कारण रेझिनची धूळ फुप्फुसांना चांगली नाही. एवढ्या सरंजामात मी त्याचा गाल घासत बसलो असताना दारातून डोकावलेल्या बायकोने काही विचारलं नाही. तिने विचारणं सोडून दिलंय.

जोडणीचंही तेच. हा पठ्ठ्या गुडघे वाकवून, हात पसरून, फक्त दोन तळव्यांवर तोललेला. नुसत्या गोंदावर तो टिकत नाही. हातड्रिलने पोटरीत भोक पाडायचं, त्यात तार घालायची, ती बोर्डातून खाली बैठकीत उतरवायची. खरी मुलं हा तोल गुडघे फोडून घेऊन शिकतात. याचा तोल सांभाळायला गुडघ्याखाली लोखंड घालावं लागलं. झटपट चिकटणारा तो गोंद माझं बोट माझ्याच बोटाला क्षणात चिकटवतो. मुलाला बोर्ड चिकटवायची वेळ आली, की मात्र विचार करायला वेळ मागतो.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, आधी सगळीकडून काळा, मग फक्त वरून पांढरा. यामुळे ऊन कुठून पडतंय आणि सावली कुठे राहते, ते रंग लावायच्या आधीच दिसतं. त्या अवस्थेत तो इतका देखणा दिसतो, की शहाण्या माणसाने तिथेच थांबावं. शहाणा माणूस मुळात खोकं उघडत नाही, हा भाग वेगळा.

रंगाबद्दल जाणकारांचा एकच मंत्र: दुधाइतका पातळ करा आणि अनेक हात द्या. कोणाच्या घरचं दूध, हे मात्र कोणी सांगत नाही. ब्रश कोलिन्स्कीचा घ्यावा म्हणतात. सायबेरियातल्या वीझल नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचे केस असतात ते. नवखा माणूस अगदी बारीक, तीन शून्यांचा ब्रश घेतो. त्यात रंग मावतो थेंबाच्या कणाएवढा, आणि तो पुतळ्यापर्यंत पोचायच्या आत टोकावरच वाळतो. त्यापेक्षा चांगल्या टोकाचा, एक नंबरचा जाड ब्रश बरा. हे ज्ञान तीन शून्यांचे ब्रश विकत घेतल्यानंतरच होतं, अशी व्यवस्था आहे.

आणखी एक गंमत म्हणजे इथे काळा रंग काळा नसतो आणि पांढरा पांढरा नसतो. पांढरा टी-शर्ट निव्वळ पांढरा रंगवला, की पोरगा धुलाईच्या पावडरच्या जाहिरातीत निघाल्यासारखा दिसतो. त्याला खाली उबदार करडा, वर मळकट मोतिया, आणि खरा पांढरा फक्त खांद्याच्या घडीवर. बोर्डावरचा खरखरीत ग्रिप टेपही काळा नाही, कोळशी राखाडी. आणि जिथे बूट घासतो तिथे आणखी फिका. त्या मुलाने कपाटातून हाताला येईल तो शर्ट डोक्यातून ओढला असेल. मी त्याच शर्टासाठी राखाडीच्या पाच छटा कालवत बसलो होतो.

आता डोळे. माणसाच्या बुबुळाचा व्यास साधारण 12 मिलिमीटर. त्याला 24 ने भागा. अर्धा मिलिमीटर! त्यात पुन्हा काळा ठिपका. डोक्याला भिंग बांधायचं, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, श्वास रोखायचा. नेमक्या त्याच वेळी हृदयाला आपण जिवंत असल्याची जाणीव होते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर ब्रशचं टोक उडी मारतं. डावा डोळा बोर्डाकडे, उजवा आभाळाकडे. डाव्याला उजव्याशी जुळवून घ्यावं, तर उजवा मोठा दिसतो. उजवा कमी करावा, तर डावा घाबरल्यासारखा होतो. शेवटी पापण्या अर्ध्या खाली आणल्या. रंगकामातल्या सगळ्या अडचणींवर या वयाच्या मुलांनी आधीच उपाय काढून ठेवलाय: कोणाकडेही पूर्ण डोळे उघडून बघायचं नाही.

मिसरूड मात्र दगा देते. ती रंगवायची नसते, तिचा संशय निर्माण करायचा असतो. अगदी पाणचट करडा-तपकिरी हात वरच्या ओठावर एकदा फिरवला, तर पोरगा सोळाचा. दोनदा फिरवला, तर फौजदार. मग फौजदार पुसा, गालाच्या रंगाचा हात द्या, पुन्हा संशय निर्माण करा. त्यानंतर मुरमं. हनुवटीवर दोन, कपाळावर एक, गुलाबी-लालसर ठिपक्याच्या कडेला किंचित फिकट कड. सोळाव्या वर्षी जी गोष्ट लपवण्यात माझी सगळी बुद्धी खर्च झाली, ती आता मी भिंगाखाली हौसेने उमटवत होतो.

बोर्डाच्या कडेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की मान दुखते. खरा डेक, म्हणजे पाय ठेवायची फळी, मेपल लाकडाच्या सात पातळ थरांचा असतो, आणि कधी कधी मधले थर रंगीत असतात. माझ्या प्रमाणात ती सगळी कड अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मी एक लाल रेघ ओढली. उरलेले थर बघणाऱ्याने समजून घ्यावेत.

सगळं झालं, मॅट वार्निशचा डबा हलवून हातात धरला, आणि माझा भाचा आला. तो स्वतः स्केटबोर्ड चालवतो, वय तेच. त्याने पुतळा हातात घेऊन फिरवला.

“मामा, हा गूफी आहे.”

मी दुखावलो. मग कळलं, की उजवा पाय पुढे ठेवून उभा राहणाऱ्याला गूफी म्हणतात. त्यात अपमान नाही.

“पण हा चालवत नाही वाटतं,” तो म्हणाला. “बूट बघ की. नवेकोरे.”

मग त्याने मला ऑली, म्हणजे बोर्डासकट मारायची उडी, समजावली. मागच्या पायाने बोर्डाची शेपटी, म्हणजे मागचं टोक, जमिनीवर आपटायची आणि त्याच वेळी पुढचा पाय ग्रिप टेपवरून घासत वर न्यायचा, म्हणजे बोर्ड पायाबरोबर हवेत उठतो. ग्रिप टेप म्हणजे जवळजवळ पॉलिश पेपरच. त्यामुळे पुढच्या बुटाची करंगळीकडची बाजू आधी झिजते, मग फाटते. आणि बोर्डाची शेपटी खरडून खरडून पातळ होते.

“टोकियोला मोमिजी निशियाने तेराव्या वर्षी सुवर्णपदक घेतलं, मामा. या वयात लोक ऑलिम्पिक मारून मोकळे झालेत. तू याचे निदान बूट तरी फाड.”

वार्निश खाली ठेवलं. महिरपीसारख्या रेखलेल्या शेपटीवर कानस चालवली. उजव्या बुटाच्या करंगळीपाशी फिका ओरखडा, त्याच्या मध्ये गडद ठिपका, ठिपक्याला धाग्यांची फिकट कड. एरवी कारागिराला कौशल्य लागतं ते बूट शिवायला. भाच्याने डोळे बारीक करून पाहिलं.

“भोक पडलंय, मग आतला मोजा दिसायला नको?”

मी मोजा शोधला. दुसऱ्या पायाच्या घोट्यावर जीन्स थोडी वर सरकलेली होती आणि तिथला मोजा मी पूर्वीच निळा रंगवलेला. चला, रंग तरी ठरलेला आहे, म्हणून निळ्या बाटलीचं झाकण उघडलं.

“निळा कशाला?” भाचा म्हणाला आणि स्वतःची पॅन्ट वर करून त्याने मला दोन्ही पाय दाखवले. एक मोजा करडा, एक हिरवा.

मी हिरवी बाटली शोधायला उठलो.