आम्ही बाराटांगला जाणार नाही

दुपारपासून डोकं ठणकतंय. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

नाताळच्या सुट्टीत अंदमानला जायचं घाटतंय. आम्ही चौघं, सासूबाई, दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, असे नऊ जण. मुलांना समुद्र हवा, माझ्या लेकीला जंगल हवं. सासूबाईंना सेल्युलर जेल बघायचंय. सावरकरांची कोठडी पाहायची राहिली, असं त्या गेली दहा वर्षं म्हणताहेत. म्हणून आज सीताबर्डीवर एका टूरवाल्याकडे गेलो. माणूस बोलायला गोड. त्यानं छापील कागद पुढे सरकवला. चौथा दिवस, बाराटांग बेट. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, खारफुटीतून बोट. आणि त्याखाली 'साइटिंग' असं लिहून पुढे : मगर, समुद्रगरुड, जारवा.

एकाच ओळीत. मगर, स्वल्पविराम, गरुड, स्वल्पविराम, जारवा.

मी म्हटलं, हे काय आहे? तर म्हणतो, "मॅडम, तिथं जंगलातून रोड जातो नं, त्या रोडवर दिसतात ते आदिवासी. नशीब असलं त दिसतेच. ताडोब्यासारखं समजा." आणि आमचे दीर मागून म्हणाले, "मग बिस्किटाचे पुडे ठेवू गाडीत, पोरांच्या हातून देऊ."

मी तिथे काहीच बोलले नाही, याचाच जास्त राग येतोय.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा संपल्यावर, १९९८ साली, आम्ही पंधरा-सोळा जण भामरागडला गेलो होतो. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमीचा संगम बघायला. वाटेत एका गावात आठवडी बाजार भरला होता. एक माडिया आदिवासी म्हातारी मोहफुलं घेऊन बसली होती. बांबूची टोपली, त्यात वाळलेली, तपकिरी झालेली फुलं, बाजूला मापाला एक डबा. माझ्या गळ्यात मामाचा कॅमेरा, त्यात छत्तीस फोटोंचा रोल. मी विचारलं नाही. फुलं घेतली नाहीत. समोर उभी राहिले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. तिनं टोपली उचलून तोंडासमोर धरली. रागावली नाही, ओरडली नाही. नुसती टोपली धरून बसून राहिली, मी जाईपर्यंत.

तो फोटो माझ्याकडे आहे. टोपली आणि दोन हात. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण.

तर ही साइटिंगची भाषा. आपण नागपूरकर, ताडोबा-पेंच-कऱ्हांडला करत वाढलेलो. सोमवारी ऑफिसात पहिला प्रश्न, "साइटिंग झालं का?" वाघ नाही दिसला तर पैसे बुडाले. मला वाघाचंही ते पटत नाही, पण ते बाजूला राहू दे. वाघाला लावलेला शब्द माणसाला लावताना जीभ अडखळायला नको? हे वाचणारे तुम्ही बहुतेक जण मला पंचवीस-तीस वर्षं ओळखता. तुमच्यापैकी कुणाची अडखळली नसती, असं मला वाटतच नाही.

बाराटांगला जाणारा तो रस्ता जारवांच्या, म्हणजे अंदमानातल्या त्या आदिवासींच्या, राखीव जंगलातून जातो. २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या भागातला रस्ता बंद करा म्हणून सांगितलं होतं. अजून चालू आहे. पहाटे तीनला हॉटेलातून निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची, मग पोलीस पुढे आणि गाड्यांची माळ मागे. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, काही द्यायचं नाही, हे सगळे नियम आहेत. तरी २०१२ मध्ये खाण्याचं आमिष दाखवून जारवा बायकांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. आमचे बिस्किटाचे पुडे म्हणजे दुसरं काय असणार होतं?

जारवा जंगलातून आपणहून बाहेर येऊ लागले तेही १९९८ च्याच आसपास. त्याआधी ते बाहेरच्याला बाणानं उत्तर देत. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, त्यांच्यात गोवर पसरला. आपल्या घरात गोवर झाला की कडुलिंबाचा पाला ठेवतो आणि आठवड्यात पोर खेळायला लागतं. त्यांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद तयार झालेलीच नव्हती. ते उरलेत काही शेकडा. ग्रेट अंदमानी, म्हणजे तिथलेच दुसरे आदिवासी, तर १८५८ साली इंग्रजांनी कैद्यांची वसाहत केली तेव्हा काही हजार होते, आज शंभरसुद्धा नाहीत. आणि आम्ही नऊ जण, त्यातली दोन पोरं डिसेंबरात हमखास शेंबडी, काच खाली करून बघणार.

हो, मध्य अंदमानातल्या माणसांना दवाखान्याला, बाजाराला यायला तो रस्ता लागतो. त्यांनी जावं. आमचं काय अडलंय तिथे?

हेही खरं की गुहा सुंदर आहेत. ज्यांनी बघितल्या ते सगळे सांगतात. असतीलच.

दीर वाईट माणूस नाहीत, हे लिहायलाच हवं. करोनात ह्यांचा ऑक्सिजन खाली आला तेव्हा रात्रभर शहर पालथं घालून सिलेंडर आणला तो त्यांनीच. बिस्किटंसुद्धा त्यांनी प्रेमानंच द्यायची म्हटली असणार. मीही त्या दिवशी वाईट मनानं कॅमेरा उचलला नव्हता. मला ती म्हातारी छान दिसली होती, एवढंच. पण तिला दिसायचं होतं का, हे मनातही आलं नाही. एकविसाव्या वर्षी आलं नाही, आणि मी स्वतःला फार संवेदनशील समजत होते.

मग अंदमानात करायचं काय, असं जाऊबाईंनी गाडीत विचारलं. अगं, किती आहे! चिडिया टापूला पहाटे जा. पहाटे म्हणजे खरोखर पहाटे, कारण तिथे घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य आपल्याआधी उगवतो आणि डिसेंबरात पाच-सव्वापाचला बुडतोसुद्धा. दिवस नागपूरच्या हिशेबानं आखला तर अर्धा वाया जातो. माउंट हॅरिएटला, आता त्याला माउंट मणिपूर म्हणतात, जंगलातून पायवाट आहे. गर्जन आणि पडौकची झाडं, मान मोडेल इतकी उंच. वाघ नाही, बिबट्या नाही. कोळशासारखा काळा सुतारपक्षी आहे, तो फक्त अंदमानातच सापडतो. तिथे जिप्सीतून पळून काही दिसत नाही. उभं राहावं लागतं, गप्प. लेक माझी तासभर उभी राहील. बाकीच्यांचं बघू.

आणि राधानगरचा किनारा, हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर. पांढरी वाळू आणि तिच्या कडेलाच जंगल सुरू. त्या काठावरच्या उंच झाडाला तिथली माणसं सी महुआ म्हणतात. समुद्राचा मोह! आपल्या चिकूचा अगदी जवळचा भाऊबंद आणि मोहाच्याच कुळातला. हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच होते आणि मला पुन्हा ती टोपली दिसली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. ती म्हातारी आता नसणार. तिची फुलं मी पाच रुपयांची घेतली असती, शेजारी दोन मिनिटं बसले असते, तर कदाचित तिनं स्वतःच टोपली खाली ठेवली असती. कदाचित नसतीही. तो तिचा प्रश्न होता.

संध्याकाळी घरी सगळ्यांसमोर सांगितलं, बाराटांग काढून टाका. दीर म्हणाले, "वहिनी, एवढं काय त्यात, सगळेच जातात." ह्यांनी नेहमीसारखं वर्तमानपत्र उघडलं. सासूबाई मटार सोलत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "मले जेल दाखवा न् समुद्र दाखवा. लोकाईच्या घरात डोकावाले मी नाही येत." मी त्यांच्या शेजारी बसले आणि उरलेले मटार सोलले. लग्नाला बावीस वर्षं झाली, इतकं जवळचं त्यांच्याशी क्वचित वाटलं असेल.

मग लेकीला तो फोटो काढून दाखवला. तिनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "दिसायला कशी होती गं?" मला काही सांगता आलं नाही. मी तिच्याकडे फक्त कॅमेऱ्यातून पाहिलं होतं, आणि कॅमेऱ्यात टोपली होती.

उद्या अकरा वाजता अ‍ॅडव्हान्स भरायचा आहे. चौथ्या दिवसावर पेनानं काट मारून कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलाय. त्या जागी राधानगरला आणखी एक मुक्काम लिहिलाय. दीरांनी वाचलंय, उत्तर अजून नाही.