गाडी दमली असेल गं

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर मावसभावाने एक फोटो टाकला. जर्मन गाडी, पावसात, टोईंगच्या ट्रकवर चढलेली, आणि खाली लिहिलेलं ‘ह्या गाड्यांची नैसर्गिक अवस्था’. मला टॅग करून. मग काय, हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आईचापण अंगठा होता त्यात, पण आई सगळ्यालाच अंगठा देते, कोणी ॲडमिट असल्याचा मेसेज आला तरी अंगठा, त्यामुळे ते सोडा.

तर सकाळपासून डोक्यात तेच फिरतंय. तुम्ही मला ओळखता, मी गाडीवरून भांडणाऱ्यातली नाही. पण ज्या माणसाने आयुष्यात कधी बॉनेट उघडून आत बघितलेलं नाही त्याने ‘जर्मन गाड्या म्हणजे नुसतं वर्कशॉप’ असं ठोकून द्यायचं आणि आपण हसून सोडून द्यायचं, हे आज काही जमेना. म्हणून लिहितेय. माझी गाडी त्यातल्या कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, उगाच कमेंटमध्ये दोन टोळ्या होतील. जर्मन आहे, अकरा वर्षांची आहे, मी घेतली तेव्हाच नऊ वर्षांची होती, बास.

आधी ती रात्रीची गोष्ट सांगते, कारण मावसभावाला तीच माहितीय आणि त्याचा सगळा विनोद तिच्यावरच उभा आहे. दीड वर्षापूर्वी आईला घेऊन येत होते, रात्रीचे साडेदहा, हायवे, पाऊस धो धो, आणि समोर एकदम लाल दिवा. इंजिन बंद करा म्हणून. तापमानाचा काटा वर गेलेला. कडेला घेतली, बॉनेटमधून वाफ, खाली गुलाबी पाण्याचं थारोळं. आई मागून शांतपणे म्हणाली, ‘दमली असेल गं बिचारी.’ तीन तास टोईंगची वाट बघितली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने माझ्या हातात एक तुकडा ठेवला, काळं प्लास्टिक, अंगठ्याएवढं, इंजिनाला कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, पाईप जोडतात तिथलं. बोटाने दाबलं तर कडा चुरा होऊन पडली, वाळक्या पानासारखी. एवढ्याशा वस्तूने एवढी मोठी गाडी रस्त्यावर बसवली. तो तुकडा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता मला सांगा, ह्यावरून गाडी भंगार ठरते का? अरे त्याच देशाने बीटल बनवली जी 2003 पर्यंत निघत होती, 2 कोटी 15 लाख निघाल्या. मर्सिडीजची ती जुनी डब्ल्यू123, जवळपास 27 लाख बनवल्या आणि अर्ध्या जगात टॅक्सी म्हणून पळवल्या. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने तर त्याच्याही आधीची 240डी 46 लाख किलोमीटर चालवली, 2004 साली कंपनीने ती घेऊन म्युझियममध्ये ठेवली. 46 लाख! ही लोकं मुळात टिकाऊ गाडीसाठीच प्रसिद्ध होती हो. ‘जर्मन’ म्हटलं की माणूस दार लावून आवाज ऐकायचा, तेवढ्यावर सौदा व्हायचा.

हां, तो टॅक्सीवाला अधूनमधून इंजिन बदलायचा. मान्य. ते कोणी सांगत नाही.

आणि हे जे सर्व्हे फिरवतात ना लोकं, ते कधी नीट वाचा. जेडी पॉवर नावाच्या अमेरिकन कंपनीचा जो टिकाऊपणाचा सर्व्हे असतो त्यात तीन वर्षं जुन्या गाडीच्या मालकांना काय काय त्रास झाला ते विचारतात आणि दर 100 गाड्यांमागे किती तक्रारी ते मोजतात. त्यात फोन ब्लूटूथला जोडला जात नाही ही एक तक्रार, आणि गिअरबॉक्स गेला हीपण एकच तक्रार! म्हणजे जिच्यात बटणं आणि स्क्रीन जास्त ती गाडी आपोआप खाली. उलट जर्मनीतच एडीएसी म्हणून वाहनधारकांची संघटना आहे, त्यांची माणसं रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांपाशी जातात आणि त्याचा दरवर्षी हिशोब मांडतात, तिथे सगळ्यात मोठं कारण काय निघतं माहितीय? साधी 12 व्होल्टची बॅटरी. कुठल्याही कंपनीची गाडी असो. आणि त्या यादीत जर्मन गाड्या काही तळाला नसतात. (मावसभाऊ म्हणेल की महागड्या गाड्यांना कंपनीच स्वतःची मदत पाठवते त्यामुळे त्या मोजल्याच जात नाहीत. हो, तेही खरंय थोडंफार. पुढे.)

पण खरं सांगू, हे एवढं टाईप करताना माझाच राग वळायला लागलाय. मावसभावावरून कंपन्यांवर.

कारण तो तुकडा. तो प्लास्टिकचा का होता? जिथे उकळत्या पाण्याइतकं गरम कूलंट दिवसातून दहादा गरम होणार आणि दहादा गार होणार, तिथे प्लास्टिक? मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, ताई हे साधं प्लास्टिक नाही, काचेचे तंतू घातलेलं नायलॉन आहे, हलकं पडतं, बनवायला सोपं, आणि आठ-नऊ वर्षं छान चालतं. आठ-नऊ वर्षं! म्हणजे ज्याने शोरूममधून नवीन घेतली त्याचं सगळं छान. तो तीन-चार वर्षांनी विकणार, दुसरा चालवणार, आणि वाळकं पान माझ्या हातात येणार. त्यात मायलेज आणि धुराचे आकडे सुधारायला इंजिनं आधीपेक्षा जास्त गरम चालवायची, बऱ्याच इंजिनांत कूलंट आरामात 100 अंशांच्या वर असतं. वॉटर पंप प्लास्टिकचा, थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं, ऑइल फिल्टरचं घर प्लास्टिकचं. आणि वर जाहिरातीत काय तर इंजिनिअरिंग.

आणि तो ‘लाईफटाईम’ शब्द! त्याच्याइतका खोटा शब्द गाडीच्या धंद्यात दुसरा नसेल. बीएमडब्ल्यू वर्षानुवर्षं सांगत आली की ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लाईफटाईम आहे, हात लावू नका. आणि तो गिअरबॉक्स जी कंपनी बनवते, झेडएफ, तीच सांगते की 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला. आता कोणाचं ऐकायचं? बनवणाऱ्याचं की विकणाऱ्याचं? कोणाचं लाईफ आणि कसला टाईम! आणि इंजिन ऑइलचं काय, तर दोन वर्षं किंवा 30 हजार किलोमीटर. ऐकायला किती छान, दोन वर्षं वर्कशॉपचं तोंड बघायला नको. पहिला मालक खूश. आत काय साचतंय ते तिसऱ्या मालकाला कळतं. काही गाड्यांत तर ऑइल बघायची पट्टीच काढून टाकली, स्क्रीनवर बघा म्हणे. आईने शिकवलेली गाडीची एकमेव गोष्ट म्हणजे लांबच्या प्रवासाआधी पट्टी ओढून फडक्याला पुसून बघायची. तीही घेतली काढून.

मग नाव खराब होणार नाही तर काय होणार? आणि हे नुसतं माझं रडगाणं नाही, सगळ्या जगाला माहीत असलेल्या गोष्टी आहेत. बीएमडब्ल्यूचं एन47 डिझेल इंजिन घ्या, टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करायला लावणारी साखळी, लवकर झिजायची, झिजू दे एकवेळ, पण ती बसवली कुठे तर इंजिनाच्या मागच्या बाजूला, म्हणजे ती बदलायला अख्खं इंजिन नाहीतर गिअरबॉक्स उतरवा. माझा मेकॅनिक म्हणतो ज्याने हे कागदावर काढलं त्याने आयुष्यात कधी पाना हातात धरला नसणार. फोक्सवॅगनचा सात गिअरचा तो ड्राय क्लचवाला डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, 2013 मध्ये चीनच्या सरकारी टीव्हीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात सगळ्या देशासमोर दाखवला आणि मग कंपनीने तिथे 3 लाख 84 हजार गाड्या परत बोलावल्या. टीव्हीवर दाखवल्यावर. त्याआधी लोकं सांगत नव्हती का? मर्सिडीजच्या नव्वदीच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनाच्या वायरींचं आवरणच उष्णतेने भुगा होऊन पडायचं, तीच मर्सिडीज जिची टॅक्सी 46 लाख किलोमीटर गेली. आणि फोक्सवॅगनचं 2015 चं धुराचं प्रकरण तर सांगायलाच नको, 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत धुराची चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर. ते टिकाऊपणाचं नव्हतं, माहितीय, पण शब्दाची किंमत कळली ना.

(जपानी गाडीवाले, तुम्ही लगेच कॉलर ताठ करू नका. टोयोटाच्याही एका 2.4 लिटरच्या इंजिनाने लोकांच्या घरचं ऑइल प्यायलंय. पण हो, थेट सिलेंडरमध्ये पेट्रोल मारलं की वरच्या व्हॉल्व्हवर काजळी धरते, कारण पेट्रोलने ते धुतलेच जात नाहीत, ही साधी गोष्ट बघून त्यांनी कित्येक इंजिनांत पेट्रोल फवारणारे दोन-दोन इंजेक्टर दिले, म्हणजे दुसऱ्याने व्हॉल्व्ह धुतले जातील, आणि जर्मनांनी बराच काळ मालकाला सांगितलं की साफ करून घ्या. ही गोष्ट लागते मला.)

बघा, कुठून सुरू केलं आणि कुठे आले. भावाच्या विरुद्ध लिहायला बसले आणि त्याचाच खटला मजबूत केला.

पण थांबा. त्या रात्रीचं मी सगळं सांगितलेलं नाही. भावाला पण नाही.

दोन आठवडे आधी पिवळा दिवा लागला होता. कूलंट कमी. मी काय केलं? पेट्रोल पंपावर थांबले, पाण्याची बाटली ओतली, दिवा गेला, मी निघाले. चार दिवसांनी परत लागला. परत बाटली. गाडीला पाणी लागतंय म्हणजे कुठूनतरी जातंय एवढं पाचवीतल्या पोरालापण कळेल, पण कामं होती, आईची तपासणी होती, आणि खरं सांगायचं तर वर्कशॉपमध्ये नेली की काहीतरी भलतंच सांगतील ही भीती. मेकॅनिकच्या हे लगेच लक्षात आलं, टाकीत रंग फिका पडलेला. तो ओरडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला, ‘ताई, ती दोन आठवडे सांगत होती तुम्हाला.’ मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. मग त्याने आधीच्या मालकाची फाईल मागितली. फाईल कुठली? मी गाडीचा रंग बघून घेतलेली. नऊ वर्षांत कूलंट एकदा तरी बदललं होतं का, देव जाणे.

आणि एक. इंजिनाला काही झालं नव्हतं. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन फार तापलं की जातं ते आतलं सील, शाबूत. काटा वर चढताच गाडीने लाल दिवा लावून, बोंबलून, मला थांबवलं, आणि त्या एका वेळी मी तिचं ऐकलं. तुकडा बदलला, सोबत वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बदलला, तिसऱ्या दिवशी गाडी घरी. त्यानंतर दीड वर्ष, 31 हजार किलोमीटर, एकदाही रस्त्यावर थांबलेली नाही. कारण आता मी 10 हजारांवर ऑइल बदलते, कंपनी काय म्हणते ते म्हणू दे.

त्यामुळे ‘ह्या गाड्या टिकत नाहीत’ हे मला पटत नाही, आणि ‘नीट ठेवली तर टिकते’ असं म्हणणारे क्लबवाले तर त्याहून डोक्यात जातात. नीट ठेवायला आधी नीट सांगा ना! पुस्तकात लाईफटाईम छापायचं आणि मोडली की मालकाने काळजी घेतली नाही म्हणायचं, ही कुठली पद्धत. गाडी मानी आहे, तिला दुर्लक्ष सहन होत नाही, हे विकतानाच सांगा, मग ज्याला झेपेल तो घेईल. करता येत नाही असं थोडीच आहे? 2015 मध्ये आलेलं बी58 इंजिन बघा, त्याच बीएमडब्ल्यूचं, दणकट निघालं, आणि टोयोटाने आपली सुप्रा ही स्पोर्ट्स कार परत आणली तेव्हा त्यात तेच घातलं. टोयोटाने! (भावा, हे दोनदा वाच.) म्हणजे मनात आणलं तर जमतं त्यांना. एन47 च्या वेळी आणलं नाही, एवढंच.

आता राग गेला बहुतेक. लिहिता लिहिता त्या तीन तासांचं बाकीचं आठवलं. इंजिन बंद, बाहेर नुसता पाऊस, ट्रक शेजारून गेला की गाडी हलायची, पण आत आवाज येत नव्हता. इतकी घट्ट दारं. आई मागे शाल घेऊन झोपली चक्क. मध्येच उठून म्हणाली, ‘आत काही भिजत नाहीये गं, चांगली आहे गाडी.’ बंद पडलेल्या गाडीत बसून! मी पुढे रडायच्या बेतात होते आणि मला हसू आलं.

भावाला अजून उत्तर दिलेलं नाही. एवढं मोठं कोण वाचणार ग्रुपवर. ड्रॉवरमधून तो तुकडा काढला, टेबलावर ठेवून फोटो घेतला, अजून थोडा चुरा पडलाय त्याचा. खाली काहीच न लिहिता टाकला.

आईचा अंगठा आला.