'एकच ताठ रॉड सगळ्याला पुरतो' हे क्रँकबेटच्या बाबतीत खरं नाही

गरवणाऱ्या मराठी मंडळींमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. माझ्याकडे तो तिघांकडून आला, आणि त्यातल्या दोघांनी तो वाचून खरेदीही उरकली होती. मजकूर थोडक्यात असा: 'बाससाठी सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शनचा ग्राफाइट रॉड घ्या. जिग, फ्रॉग, क्रँकबेट, काहीही त्यावर चालतं. रॉड जितका ताठ तितका गळ खोल रुततो आणि हाताला तितकं जास्त कळतं. आमिषाचं वजन रॉडवर छापलेल्या आकड्यांत बसलं की झालं. ग्लासचे (म्हणजे फायबरग्लासचे) रॉड आजोबांच्या काळातले. मासे सुटत असतील तर ड्रॅग सैल करा. क्रँकबेटचा वेगळा रॉड ही कंपन्यांची विक्रीची युक्ती.'

बास हा अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. क्रँकबेट म्हणजे माशाच्या आकाराचं, बहुधा पुढे चोच असलेलं कडक आमिष, ओढलं की थरथरणारं. जिग म्हणजे वजनदार डोक्याचा गळ आणि फ्रॉग म्हणजे रबरी बेडूक, आणि या दोघांपुरता हा सल्ला चांगला आहे. क्रँकबेटला तो लावला की नवख्या माणसाचे लागलेले मासे हातचे जातात, आणि चूक आपल्या हाताची आहे असं त्याला वाटत राहतं. मीही दोन उन्हाळे तसंच समजत होतो.

आधी ताठ रॉडने गळ खोल रुतण्याचं बघू, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. जिगला एकच गळ असतो, जाड तारेचा. तो माशाच्या जबड्यात आरपार घुसवायला जोर लागतो, म्हणून तिथे ताठ रॉड आणि जोराचा झटका. क्रँकबेटच्या पोटाखाली आणि शेपटीला मिळून दोन तिहेरी गळ असतात. त्यांची तार बारीक, टोकं सुईसारखी. ती नुसत्या दाबाने रुततात, पण खोल जात नाहीत. पुष्कळदा सहा टोकांपैकी एकच लागलेलं असतं, तेही ओठाबाहेरच्या कातडीत किंवा जबड्याच्या कडेच्या पातळ पडद्यात. अशा माशाला ताठ रॉडने झटका दिला की ते भोक रुंदावतं. पुढच्या उडीला मासा मोकळा.

टेक्ससमधल्या लेक फोर्कवर एका जूनच्या सकाळी माझं नेमकं हेच झालं. हा तलाव बांधताना पाण्याखाली गेलेली झाडं अजून तळाशी उभी आहेत. एका उंचवट्याच्या टोकाला एक औंसाचं खोल जाणारं क्रँकबेट मी खोडांवर आपटत आणत होतो. हातातला रॉड त्या मजकुरात सांगितलेलाच. तासाभरात चार मासे लागले आणि चारही होडीच्या आसपास येऊन सुटले. चौथा तर मला स्पष्ट दिसला: पाण्याबाहेर अर्धा आला, तोंड उघडून डोकं दोनदा हलवलं आणि आमिष माझ्या दिशेने उडालं. हातात घेऊन पाहिलं तर मागच्या तिहेरी गळाची एक नांगी जवळजवळ सरळ झाली होती आणि दुसरीच्या टोकाला बोटाच्या नखाएवढी पारदर्शक त्वचा लोंबत होती. त्या त्वचेने मला जे शिकवलं ते दोन उन्हाळ्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास लगेच पाण्यात सोडावा लागतो. तेव्हा फाटलेला जबडा हा फक्त माझ्या फोटोचा प्रश्न नाही. सुटलेला काय आणि सोडलेला काय, मासा ती जखम घेऊनच जगतो.

'मासे सुटत असतील तर ड्रॅग सैल करा' हा मुद्दा वरवर पटतो आणि म्हणूनच घातक आहे. ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक, मासा ओढू लागला की तो फक्त दोरी देतो. दिलेली दोरी परत घेणं त्याला जमत नाही. बास उडी मारून डोकं हलवतो तेव्हा क्षणभर आपल्याकडे येतो, दोरी ढिली पडते, आणि जड आमिष त्या ढिलाईत झोके घेऊन स्वतःच गळ उचकटून टाकतं. ती ढिलाई खाऊन टाकायचं काम वाकलेल्या रॉडचं. निम्म्यापर्यंत कमान झालेला रॉड पाव सेकंदात थोडा सरळ होतो आणि दोरी पुन्हा ताणतो. ताठ रॉडला फक्त टोकाकडचा तुकडा वाकलेला असतो, त्याच्याजवळ परत द्यायला फारसं काही नसतं. शिवाय मासा होडीजवळ येतो तेव्हा पाण्यात दोरी उरते जेमतेम सहा-सात फूट. लांब दोरीचा ताण धक्का पचवतो, तोही तिथे संपलेला. रिळाच्या चक्रीला जागची हलायला जो क्षण लागतो त्या क्षणात स्प्रिंग म्हणून एकटा रॉडच उरतो. ड्रॅग नीट लावायलाच हवा, पण रॉडची उणीव तो भरून काढत नाही. त्यात कुणी ब्रेडची, म्हणजे धाग्यांची विणलेली, दोरी लावली असेल तर बघायलाच नको, ती जवळपास ताणतच नाही. खोल क्रँकबेटला मी 12 पौंडी फ्लुरोकार्बनची दोरी लावतो.

आता वजनाच्या आकड्यांबद्दल. रॉडवर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि हा मजकूर त्या एकत्र करून टाकतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉड टोकाकडून वाकतो, मॉडरेट रॉड पार मधल्या भागापर्यंत. दोन औंसांचं भलंमोठं क्रँकबेट फेकायला हेवी पॉवर लागेल, पण ॲक्शन तरीही मॉडरेटच हवी. उलट रापाला कंपनीच्या डीटी-6 सारखं 3/8 औंसाचं, सहा फूट खोल जाणारं आमिष मीडियम पॉवरवर सुखाने जातं. दोन्ही रॉडवरचे आकडे वेगळे, वाक मात्र एकाच घराण्यातला.

हा वाक फेकीतही कामाला येतो. मॉडरेट रॉड मागे नेताना लांबीभर भारला जातो आणि हलकं आमिषही लांब फेकतो. खोल जाणाऱ्या आमिषाला लांब फेक हवीच, कारण ते पडल्या पडल्या तळ गाठत नाही. पुढच्या चोचीवर पाण्याचा दाब घेत ते तिरकं खाली उतरतं, आणि होडीकडे येताना पुन्हा वर चढतं. पूर्ण खोलीवर ते फक्त मधल्या टप्प्यात असतं. फेक आखूड पडली की तो टप्पाच नाहीसा होतो आणि खालच्या खोडांना आमिष शिवतही नाही. म्हणून खोल क्रँकबेटचे रॉड साडेसात-आठ फुटी असतात. ही लांबी दिखाव्याची नाही.

संवेदनशीलतेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. टेक्सस रिगचा (गळाचं टोक आत लपवून बांधलेला) रबरी किडा तळाशी पडून असतो, तिथे माशाचं तोंड लागलेलं कळायला कडक ग्राफाइटच हवा. क्रँकबेट मात्र सतत थरथरतं आणि ती थरथर ग्लासच्या रॉडमधूनही मुठीपर्यंत येते. आपल्याला कळून घ्यायचं असतं एवढंच की थरथर थांबली, किंवा दोरी जड झाली. उलट जास्त कळण्याचा इथे तोटा होतो. बास पाण्यासकट आमिष आत ओढतो. टक् झाल्याबरोबर आपण दचकून खेचतो आणि ताठ रॉड ते त्याच्या तोंडातून बाहेर काढतो. मऊ रॉड आपल्या घाईला थोडा उशीर लावतो. मी आता झटका देतच नाही, रीळ फिरवत राहतो आणि रॉड बाजूला वळवतो, बस्स.

'ग्लास आजोबांच्या काळातला' हे वाक्य मला खरोखर लागलं. फेनविक कंपनीने ग्राफाइटचे रॉड बाजारात आणले ते 1973 मध्ये. हलके, कडक, त्यांनी सगळं बदललं हे खरंच. पण त्यानंतरही क्रँकबेटचे जाणते ग्लासला धरून राहिले. रिक क्लन हा बासमास्टर क्लासिक ही बास गरवण्याची अमेरिकेतली मोठी स्पर्धा चार वेळा जिंकलेला माणूस, 1976, 1977, 1984 आणि 1990 साली, आणि क्रँकबेटला ग्लासच हवा असं तो सांगत आला. डेव्हिड फ्रिट्सने 1993 चा क्लासिक अलाबामाच्या लोगन मार्टिन तलावावर क्रँकबेटवर जिंकला, तोही मऊ रॉडवाल्यांपैकीच. शिवाय निवड आता ग्लास की ग्राफाइट एवढीच राहिलेली नाही. दोन्ही मिसळून केलेले कंपोझिट रॉड मिळतात, वजनाला हलके. मॉडरेट ॲक्शनचे शुद्ध ग्राफाइटही मिळतात. पदार्थ कुठलाही असो, वाक तपासा. आणि विक्रीच्या युक्तीचं म्हणाल, तर साधा ग्लासचा रॉड महागड्या ग्राफाइटच्या निम्म्याहून कमी किमतीत येतो.

ताठ रॉड क्रँकबेटच्या कुटुंबात एका ठिकाणी शोभतो, आणि हे सांगितलं नाही तर मीही अर्धवटच सांगितल्यासारखं होईल. रॅट-एल-ट्रॅपसारखं बिनचोचीचं आमिष फेब्रुवारी-मार्चमध्ये हायड्रिला या पाणगवतावरून ओढताना ते अडकतं आणि हिसका देऊन सोडवावं लागतं. त्या सुटण्याच्या क्षणीच बास झेपावतो. तिथे फार मऊ रॉड घेतला तर आमिष गवतातून निघतच नाही. मी तिथे मीडियम-हेवी घेतो, ॲक्शन मॉडरेट-फास्ट, म्हणजे फास्टहून एक पायरी मऊ.

हा सल्ला आला कुठून असावा याचा मला अंदाज आहे. आपल्याकडे मरळ गरवणारे रबरी बेडूक शेवाळावरून ओढतात. जाड गळ, हाडाळ तोंड, वर शेवाळाचा भार. तिथे मीडियम-हेवी फास्ट अगदी योग्य. ज्याने लिहिलं त्याने आपल्या पाण्यावर जे चाललं ते प्रामाणिकपणे सांगितलं असेल. फक्त 'काहीही त्यावर चालतं' एवढे तीन शब्द त्याने लिहायला नको होते.

रॉड घेतला असेल तर घरीच बघा. रीळ लावा, दोरी सगळ्या कड्यांतून ओवून अर्धा लिटर पाण्याची बाटली बांधा, रॉड तिरका धरून बाटली जमिनीवरून हळू उचला. वाक टोकाच्या दोन फुटांत संपला तर तो रॉड जिगला ठेवा. कमान मधल्या कड्यांपर्यंत उतरली तर त्याला क्रँकबेट बांधा. आधी हातात असलेलेच रॉड असे उचलून पाहा. माझ्याकडे कोपऱ्यात पडलेला एक जुना, मऊ म्हणून बाजूला टाकलेला रॉड याच परीक्षेत पास झाला, आणि त्याच जूनच्या शेवटी त्याच उंचवट्यावर लागलेल्या पाचांपैकी चार मासे मी होडीत घेतले.