लीडच्या दोराबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

मंडळी, बेळगाव-खानापूरच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'इनडोअर लीड क्लाइंबिंगला स्टॅटिक दोर घ्या, ताणत नाही म्हणून सुरक्षित.' (लीड म्हणजे चढता चढता दोर भिंतीवरच्या क्लिपांत अडकवत जाणं.) हे चूक आहे, आणि जिवावर बेतू शकतं.

गोंधळ कुठून झाला ते कळतं. आपण रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, स्टॅटिकच वापरतो, तिथं तो बरोबरच. पण लीडमध्ये शेवटच्या क्लिपच्या जितकं वर असाल, त्याच्या निदान दुप्पट खाली पडता. तो हिसका ताणून पचवतो तो डायनॅमिक दोर. ईएन ८९२ या युरोपीय मानकानुसार सिंगल (एकेरी वापरायच्या) दोरानं चाचणीत ८० किलो वजनाची किमान ५ पडणी सोसावी लागतात, आणि पहिल्या पडणीचा झटका १२ किलोन्यूटनच्या (हे जोर मोजायचं एकक) आत राहावा लागतो. स्टॅटिकचं मानकच वेगळं, ईएन १८९१. दोराच्या टोकावरची पट्टी वाचा : वर्तुळात १ हवा, ती सिंगल दोराची खूण.

जाडी साडेनऊ-दहा मिमी पुरे. बिले डिव्हाइसला (खालचा जोडीदार दोर अडवतो त्या साधनाला) चालते का, तेवढं बघा. लांबी भिंतीच्या दुपटीहून थोडी जास्त, मोकळ्या टोकाला गाठ. ड्राय कोटिंगला (दोरात पाणी शिरू न देणाऱ्या थराला) जादा पैसे नकोत. खानापुरात कितीही कोसळो, भिंत छपराखाली आहे.

जुना मेसेज पुढं पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.