आरोपीसोबत – १

काल पोलीस ठाण्याच्या भेट रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे, 'कामाचे स्वरूप' या रकान्यात, ठाणे अंमलदारांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'आरोपीसोबत – १'. अंगावर काळा कोट, गळ्यात पांढरे बँड आणि हातात त्याच 'आरोपी'ला निर्दोष सोडल्याच्या निकालाची खरी नक्कल, गोल शिक्क्यासकट. तरी मी सोबत. नवरीसोबत करवली असावी तसा.

माझ्या अशिलाला, त्या पोराला, सिक्युरिटीत नोकरी लागत होती आणि चारित्र्य पडताळणी अडली होती, एवढंच काम.

"साहेब, कॉम्प्युटरला पेंडिंग दाखवतंय."

"हा निकाल बघा."

"निकाल बरोबरच असंल हो. पण फायनल मेमो आला नाही."

निकाल लागला की कोर्टातून ठाण्याला फायनल मेमो, म्हणजे निकाल कळवणारा कागद, निघतो. तो आणायचा पैरवी अंमलदाराने, म्हणजे ठाण्याची कोर्टातली कामं बघणाऱ्या पोलिसाने. मग गुन्हे रजिस्टरला शेरा मारायचा आणि सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या कॉम्प्युटर यंत्रणेत, सहा नंबरचा फॉर्म भरायचा, कोर्टाच्या निकालाचा. पैरवी अंमलदार गणपती बंदोबस्ताला गेला की मेमो त्याच्या गाडीच्या डिकीत रेनकोटखाली विसर्जनापर्यंत मुक्काम करतो.

पण आता हे कागद लागायलाच नकोत, अशी व्यवस्था आहे. २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर, २००९ मध्ये पोलिसांचं सीसीटीएनएस मंजूर झालं. कोर्टांचं ई-कोर्ट्स त्याच्या आधीपासून चालू होतं. दोघांमध्ये आयसीजेएस नावाचा पूल बांधला, २०२२ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्याला ३,३७५ कोटी मंजूर झाले. तत्त्व असं की माहिती एकदाच भरायची, सगळ्यांनी वापरायची. चूकही एकदाच भरायची आणि सगळ्यांनी वापरायची, हे त्यात ओघाने आलंच.

कोर्टाकडे प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर असतो : दोन राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन त्या न्यायालयाची, मग सहा आकडी क्रमांक आणि चार आकडी साल. पोलिसांना त्याचं सोयरसुतक नाही. त्यांचं दैवत गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आणि तो प्रत्येक ठाण्यात दर १ जानेवारीला पुन्हा एकपासून सुरू होतो. ह्या दोन दैवतांचं लग्न तीन रकान्यांत लागतं : ठाणं, गुन्हा नंबर, साल. दोषारोपपत्र दाखल होताना कोर्टातला कारकून ते भरतो, समोर तीस फाइलींचा गठ्ठा आणि डोक्यावर बंद पंखा. आमचा गुन्हा डिसेंबर २०१४चा, ३१२ नंबर. दोषारोपपत्र आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. भरणाऱ्याच्या बोटांना नवं साल लागलेलं.

"३१२/२०१५ बघा बरं," मी म्हटलं.

हवालदारांनी बघितलं. मोटारसायकल चोरी. तपासाअंती 'ए' समरी, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. आणि खाली कोर्टाचा निकाल : निर्दोष मुक्तता.

"च्यायला," हवालदार म्हणाले, "सापडायच्या आधीच सुटला की हो!"

त्यांना हसू आवरेना. मला हसू येईना, कारण पुढचं मला माहीत होतं. ठाण्यातून कोर्टाची माहिती फक्त बघता येते. कोर्टात गेलं तर प्रकरण निकाली निघालेलं. दुरुस्तीला हुकूम लागेल, अर्ज द्या. चूक माझी नाही, अर्ज माझा.

बरं, साल बरोबर असतं तरी काय मोठं सुख होतं? सेशन कमिट झालं, म्हणजे प्रकरण सत्र न्यायालयाकडे गेलं, की नवा नंबर, नवा सीएनआर. पाच आरोपींत एक फरार असला की त्याचं प्रकरण वेगळं काढतात, चौघं सुटतात आणि गुन्हा मात्र 'प्रलंबित'च. फिर्यादीत नाव मराठीत, कोर्टात इंग्रजीत. एका संदीपचे स्पेलिंगने दोन संदीप होतात. आणि पोलीस ठाण्याचा जिल्हाच बदलला तर? १५ ऑगस्ट २०१८ला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झालं, चाकण-आळंदी ही ठाणी पुणे ग्रामीणमधून तिकडे गेली. आता जुना गुन्हा कुठल्या जिल्ह्याखाली शोधायचा?

बाकावर एक टोपीवाले आजोबा मघापासून ऐकत होते. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक चकचकीत वस्तू काढली.

"वकीलसाहेब, लॅमिनेशन करा. घामानं शाई जाती."

वॉरंट रद्द झाल्याच्या कोर्टाच्या रोजनाम्याची नक्कल होती ती. बांधावरून भाऊबंदांशी मारामारी, एक तारीख चुकली, अजामीनपात्र वॉरंट निघालं. पुढच्या तारखेला आजोबा स्वतः हजर, वॉरंट रद्द. कायद्याने वॉरंट दोनच तऱ्हांनी मरतं : काढणाऱ्या कोर्टाने रद्द केलं तर, नाहीतर बजावणी झाली तर. हे कोर्टात मेलं, पण मयताचा दाखला ठाण्यात पोचला नाही. निवडणूक आली की वॉरंट बजावणीची मोहीम निघते आणि आजोबांच्या दारात गाडी.

"लोकसभेला येत्यात, विधानसभेला येत्यात. झेडपी लांबली तवा गावात मी एकटा खुशीत होतो."

"मग दाखवत नाही का हे?"

"दाखवतो की. 'हे जुनं दिसतंय आजोबा' म्हणत्यात. चहा घेत्यात, हितं आणून बसवत्यात, साहेब आलं की सोडत्यात. आता ड्रायव्हर मला अहो-जाहो करतो." मग माझ्याकडची नक्कल त्यांनी चिमटीत धरून पाहिली. "दोन्ही बाजूंनी करा. एका बाजूनं केलं तर कागद वळतो. आन् तीन काढा. एक घरी, एक खिशात, एक मोटरसायकलला."

माझ्या शेजारचं पोरगं हे मन लावून ऐकत होतं. मला त्याचाच राग आला. निर्दोष सुटलेल्या माणसाने लॅमिनेशनचे बारकावे शिकायचे, आणि मी ते शांतपणे ऐकून घ्यायचे, यासाठी ३,३७५ कोटी?

निघताना म्हटलं, निदान आपल्या हातातलं तरी दुरुस्त करून घेऊ. "ते 'आरोपीसोबत' तेवढं खोडा."

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, साहेब. अर्ज द्या."

कागद त्यांनीच दिला.

"विषय काय लिहू?"

हवालदारांनी पेनचं टोपण दाताखाली धरून विचार केला.

"लिहा, 'आरोपीसोबत नसल्याबाबत'."