जुळाऱ्याचं नाव आहे, आत्याचं नाही

काल रात्री घरी सगळ्यांनी मिळून 'अगोरा' हा चित्रपट पाहिला. २००९चा, आलेखांद्रो आमेनाबारचा. रेचल वाइज हायपेशिया झालीय, म्हणजे जुन्या अलेक्झांड्रियातली गणिती आणि तत्त्वज्ञ. संपल्यावर आमच्यातलाच एक जण आळस देत म्हणाला, "पण हिने शोध कुठला लावला? वडिलांचंच तर पुढे चालवलं." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय.

माझी आत्या. आजोबांनी जुन्या अकरावीच्या गणिताचं गाइड लिहिलं तेव्हा ती वीस-एकवीसची. प्रुफं घरी यायची, शाई बोटांना लागायची. प्रत्येक गणित ती पाटीवर परत सोडवायची आणि उत्तर चुकलेलं निघालं की समासात लाल पेन्सिलीने बारीक फुली मारायची. पुस्तक आलं. प्रस्तावनेत छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचे आभार आहेत. आत्याचं नाव नाही.

आणि तिकडे चौथ्या शतकात, अलेक्झांड्रियात, तिच्या वडिलांनी, थिऑनने, टॉलेमीच्या 'अल्माजेस्ट' या खगोलशास्त्राच्या ग्रंथावर टीका लिहिली आणि तिसऱ्या भागाच्या मथळ्यातच सांगून टाकलं, की ही प्रत माझी मुलगी, तत्त्वज्ञ हायपेशिया हिने तपासून सिद्ध केली आहे. डायोफँटस या जुन्या गणितीवर तिने लिहिलं, अपोलोनियसच्या शंकुच्छेदांवर, म्हणजे शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांवर लिहिलं. तिच्या नावाने आज एक पान उरलेलं नाही. बापाची ती ओळ उरली.

मला पडद्यावर ती ओळ हवी होती! त्याऐवजी काय, तर पृथ्वी सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरते हे तिला केपलरच्या जवळजवळ बाराशे वर्षं आधी उमगतं. याला कसलाही आधार नाही. कशाला हवा हा शोध? दुसऱ्याचं गणित तपासायचं, चुका काढायच्या, पुढच्या पोरांना कळेल असं मांडायचं, हे काम नाही? आत्याने आयुष्यभर दुसरं काय केलं?

बरं, कबूल. प्रती तपासत बसलेली बाई दोन तास कोण बघणार. आणि हा चित्रपट नसता तर हायपेशियाचं नाव आमच्या घरात निघालंही नसतं.

पण शेवट? ४१५च्या मार्चमध्ये जमावाने तिला रथातून ओढलं, सिझेरियम चर्चमध्ये नेलं, अंगावरचे कपडे फाडले आणि खापऱ्यांनी मारलं. चित्रपटात तिच्यावर जीव असलेला, एकेकाळचा तिचा गुलाम आधीच तिचा श्वास कोंडतो, म्हणजे तिला काही कळायला नको. कोणासाठी ही दया? तिच्या वाट्याला नव्हती आली ती.

सिनेसियस, तिचा शिष्य, पुढे बिशप झाला. आजारपणात तिला पत्र लिहिताना तो तिला आई म्हणतो, बहीण म्हणतो, गुरू म्हणतो. आत्याकडे शिकून गेलेली मुलं अजून दिवाळीला येतात, साठी उलटलेली.

सकाळी तिला फोन करून हे सगळं सांगितलं. पुस्तकावरच्या नावाचं काही बोललीच नाही ती. चित्रपटात हायपेशिया वाळूत लंबवर्तुळ काढते, एवढं मात्र तिने ऐकून घेतलं.

"दोन खुंट्या आणि दोरी ना? दोरी जरा सैल पडली की आकार बिघडतो गं. ताणून धरलीय का तिने?"